११ ईव्हीच्या फोटॉनमधले १०.२ अणू का घेत नाही? आधी उरलेल्या ०.८ चा हिशोब मांडू

नागपूरच्या एका बारावीच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनला पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे नुसतं ईव्ही लिहिते) लागतात. १०.२ ईव्हीचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आला तर अणू तो घेतो. ११ ईव्हीचा आला तर घेत नाही. पण ११ ईव्हीचा इलेक्ट्रॉन येऊन आदळला तर त्याच्याकडून १०.२ घेतो आणि ०.८ त्याच्याकडेच राहू देतो. फोटोइलेक्ट्रिक परिणामात, म्हणजे प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तिथे, तर जास्तीची ऊर्जा चालतेच. मग फोटॉनच्याच बाबतीत अणू इतका काटेकोर का? क्लासमध्ये त्याला उत्तर मिळालं, "तसा नियम आहे, लक्षात ठेव."

तू बारावीत आहेस असं लिहिलंयस, म्हणून तू म्हणते. मी नागपुरातच एका प्रयोगशाळेत खनिजांच्या नमुन्यांतले धातू मोजते, आणि ते ज्या यंत्रावर मोजते ते यंत्र तुझ्या प्रश्नाच्या उत्तरावरच चालतं. त्यामुळे नियम पाठ कर, एवढं सांगून मला थांबता येणार नाही.

तुला इथे तीन वेगवेगळे नियम दिसताहेत: फोटॉनसाठी एक, आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी दुसरा, धातूसाठी तिसरा. ते तीन लक्षात ठेवायचे म्हणजे गोंधळ होणारच. माझ्या मते नियम एकच आहे, ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा हिशोब जुळला पाहिजे. प्रत्येक वेळी स्वतःला एवढंच विचारायचं, की घटना घडून गेल्यावर उरलेली ऊर्जा घेऊन जायला तिथे कोणी आहे का? असेल तर कमी-जास्त चालतं. नसेल तर रक्कम अचूकच लागते.

अटी आधी सांगते, कारण उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. अणू एकटा आहे, म्हणजे वायू विरळ आहे आणि शेजारी कोणी चिकटलेलं नाही. अणू ग्राउंड स्टेटमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर आहे. आणि प्रकाश साधा आहे, एका वेळी एकच फोटॉन अणूशी व्यवहार करतो. प्रखर लेसरमध्ये दोन फोटॉन मिळून एक उडी घडवू शकतात. मारिया गोपर्ट-मायर यांनी हे १९३१ मध्येच गणिताने दाखवलं होतं, प्रयोगात ते लेसर आल्यावर, १९६१ मध्ये दिसलं. यातली एक जरी अट बदलली तरी उत्तर बदलतं.

आता शोषण म्हणजे काय ते बघ. फोटॉन शोषला गेला म्हणजे तो संपला. १०.२ ईव्ही देऊन बारीक झालेला फोटॉन पुढे निघून गेला, असं शोषणात होत नाही. म्हणजे ११ ईव्हीचा फोटॉन शोषला जायचा असेल तर अख्खे ११ ईव्ही अणूतच मावले पाहिजेत. इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर गेला, १०.२ खर्च झाले. उरलेले ०.८ कुठे जातील?

पहिली शक्यता, अणूचं स्वतःचं हलणं. फोटॉनला संवेग असतो, तो अणूला मिळतो आणि अणूला किंचित धक्का बसतो. हा धक्का किती मोठा हे काढता येतं: फोटॉनच्या ऊर्जेचा वर्ग, भागिले अणूच्या विराम-ऊर्जेची (त्याच्या वस्तुमानाएवढ्या ऊर्जेची) दुप्पट. हायड्रोजन अणूची विराम-ऊर्जा सुमारे ९३.९ कोटी ईव्ही. ११ चा वर्ग १२१. भागाकार केलास तर अणूला मिळणारी गतिज ऊर्जा येते एका ईव्हीच्या साधारण दीड कोटीव्या भागाएवढी. त्याहून जास्त ऊर्जा अणूने हालचालीत घ्यायची म्हटली तर संवेग जुळत नाही. म्हणजे ०.८ ईव्ही इथे जाऊ शकत नाहीत. हा भागाकार स्वतः करून बघ. काटेकोरपणाचं कारण बहुतेक सगळं त्या एका आकड्यात आहे.

दुसरी शक्यता, इलेक्ट्रॉनने मधल्याच एखाद्या पातळीवर थांबणं. १०.२ ला दुसरी पातळी, १२.०९ ला तिसरी, मध्ये काही नाही. त्याचं कारण पुढे सांगते. तिसरी शक्यता, ०.८ ईव्हीचा नवा फोटॉन बाहेर पडणं. ही खरोखर घडते, पण क्वचित, आणि तिला शोषण म्हणत नाहीत. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण तुझ्या प्रश्नातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

आता इलेक्ट्रॉन आदळतो ती गोष्ट. आदळणारा इलेक्ट्रॉन आदळल्यावर नाहीसा होत नाही. तो होता आणि नंतरही आहे, फक्त हळू झालाय. त्याला कितीही गतिज ऊर्जा ठेवता येते, त्यावर पातळ्यांचं बंधन नाही. म्हणून ११ मधले १०.२ अणूला, ०.८ त्याच्याकडे, हिशोब पूर्ण. १९१४ मध्ये जेम्स फ्रँक आणि गुस्ताव्ह हर्ट्झ यांनी पाऱ्याच्या वाफेत हेच पाहिलं. इलेक्ट्रॉनला दिलेला व्होल्टेज वाढवत नेला की प्रवाह वाढत जातो, आणि साधारण दर ४.९ व्होल्टला एकदम घसरतो, कारण तेवढी ऊर्जा पाऱ्याचा अणू काढून घेतो. मग पाऱ्याची वाफ २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते. या तरंगलांबीची फोटॉन-ऊर्जा काढ, १२४० भागिले २५३.७, ४.८९ ईव्ही येते. इलेक्ट्रॉनने दिलेली रक्कम आणि प्रकाश म्हणून परत आलेली रक्कम एकच. बी.एस्सी.ला गेलास तर हा प्रयोग हाताने कर, आलेख उतरवताना ती घसरण डोळ्यांसमोर येते.

फोटोइलेक्ट्रिकबद्दल तुझ्या मनात एक चुकीचं चित्र बसलंय असं वाटतं. तिथे धातू फोटॉनचा वर्क फंक्शनएवढा (इलेक्ट्रॉन धातूतून सोडवायला लागणाऱ्या किमान ऊर्जेएवढा) तुकडा तोडून घेतो आणि बाकीचा परत करतो, असं होत नाही. तिथेही फोटॉन अख्खाच संपतो. सोडियमचं वर्क फंक्शन सुमारे २.३ ईव्ही. ३ ईव्हीचा फोटॉन आला तर इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ०.७ ईव्ही घेऊन बाहेर पडतो, म्हणजे ३ चे ३ वापरले गेले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने मांडलेलं समीकरण हेच म्हणतं. बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन मोकळा आहे, त्याला कोणतीही ऊर्जा चालते, म्हणून फोटॉनवर "अचूक एवढाच हवा" अशी अट येत नाही, फक्त "निदान एवढा हवा" अशी येते. हायड्रोजनचंही तसंच. १५ ईव्हीचा फोटॉन आला तर १३.६ इलेक्ट्रॉन सोडवण्यात जातात आणि १.४ घेऊन तो निघतो. अणू तोच, फोटॉनही तसाच, पण आता उरलेलं घेऊन जायला कोणीतरी मिळालं. ११ ला नकार आणि १५ ला होकार यांत म्हणूनच विसंगती नाही.

इथपर्यंतचं एकत्र ठेवू. बांधलेला इलेक्ट्रॉन बांधलेलाच राहणार असेल तर उरलेली ऊर्जा नेणारा कोणी नाही, म्हणून फोटॉन अचूक लागतो. इलेक्ट्रॉन सुटणार असेल तर तो नेतो. बाहेरून इलेक्ट्रॉन आला असेल तर आलेला नेतो. कॉम्प्टनने १९२३ मध्ये दाखवलेल्या परिणामात जवळजवळ मोकळ्या इलेक्ट्रॉनवर क्ष-किरण आदळतात, तिथे तर उरलेली ऊर्जा दुसरा, कमी ऊर्जेचा फोटॉनच नेतो.

आता मधली पातळी का नाही? बोरने १९१३ मध्ये पातळ्या गृहीत धरल्या, आणि हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा जुळल्या. पण त्या का असाव्यात हे १९२४ मध्ये द ब्रॉय्लीने इलेक्ट्रॉनला तरंग मानल्यावर आणि १९२६ मध्ये श्रोडिंगरने त्या तरंगाचं समीकरण दिल्यावर कळलं. तंबोऱ्याची तार दोन्ही टोकांना बांधलेली असते, म्हणून ती ठरावीक सुरांतच स्थिर कंपते. मधला कुठलाही सूर त्या लांबीत, त्या ताणावर बसत नाही. केंद्रकाच्या ओढीत अडकलेल्या इलेक्ट्रॉन-तरंगाचंही तसंच आहे. अडकलेला आहे म्हणून ठरावीक ऊर्जांनाच तो स्थिर राहतो. १३.६ च्या वर गेल्यावर अडकलेला राहत नाही, मग ठरावीक ऊर्जांचं बंधनही उरत नाही.

"अचूक" म्हणजे किती अचूक, हे पुस्तकं सांगत नाहीत आणि मला ते खटकतं. १०.२ म्हणजे काही गणितातला बिंदू नाही. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीच्या २पी अवस्थेत सरासरी १.६ नॅनोसेकंद टिकतो, आणि जी अवस्था थोडाच वेळ टिकते तिच्या ऊर्जेला किंचित रुंदी असते. ती इथे एका ईव्हीच्या साधारण पंचवीस लाखाव्या भागाएवढी येते. वायूतले अणू धावत असतात, त्यामुळे डॉप्लर परिणामाने (हलणाऱ्या अणूला तरंगलांबी किंचित बदललेली दिसते) नेहमीच्या तापमानाला रेषा आणखी रुंद होते, एका ईव्हीच्या आठ हजाराव्या भागाएवढी. वायू दाट असेल तर अणू एकमेकांवर आदळून ती अजून रुंदावते. एवढी सवलत अणूकडे असते. तुझे ०.८ ईव्ही त्या डॉप्लर-रुंदीच्या सहा हजार पटींहून जास्त आहेत.

या रुंदीवरच आमचं रोजचं काम उभं आहे. नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव इथे मँगनीजच्या खाणी आहेत. असा दगड तपासायला येतो तेव्हा तो दळायचा, आम्लात विरघळवायचा, गाळायचा, पातळ करायचा, आणि द्रावणाचा फवारा हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत सोडायचा. ज्योत साधारण २३०० अंश सेल्सिअसची. तिच्यात पाणी उडून जातं, क्षार फुटतात आणि मँगनीजचे सुटे अणू तयार होतात. मग ज्योतीतून २७९.५ नॅनोमीटरचा प्रकाश पाठवायचा आणि किती कमी झाला ते मोजायचं. जेवढे अणू जास्त तेवढा प्रकाश जास्त खाल्ला जातो. याला ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात, बोलताना सगळे एएएस म्हणतात.

हा प्रकाश कुठून आणायचा, यातच खरी मेख आहे. साधा दिवा, ज्यात सगळ्या तरंगलांबी सलग आहेत, तो लावून पाहू. आमच्या यंत्राची स्लिट, म्हणजे प्रकाश येऊ देणारी फट, ०.२ नॅनोमीटर रुंदीची पट्टी आत घेते. ज्योतीतला मँगनीजचा अणू त्यातली फक्त काही हजारांश नॅनोमीटरची कातरण खाऊ शकतो. ती कातरण त्याने संपूर्ण खाल्ली तरी एकूण प्रकाशात दोनेक टक्केच फरक पडेल. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के फोटॉन तुझ्या ११ ईव्हीवाल्यासारखे, थोडेसे चुकलेले, म्हणून तसेच पार जातात. ॲलन वॉल्श या ऑस्ट्रेलियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये यावर तोडगा मांडला: जो धातू मोजायचा त्याच धातूचा दिवा वापरा. होलो कॅथोड लॅम्पमध्ये कॅथोड त्या धातूचा असतो, आत कमी दाबाचा निऑन किंवा आर्गॉन असतो. त्यातले मँगनीजचे अणू जो प्रकाश सोडतात तो ज्योतीतल्या मँगनीजला नेमका हवा तसा असतो. म्हणून आमच्या कपाटात तांब्याचा दिवा वेगळा, लोखंडाचा वेगळा, मँगनीजचा वेगळा. तांब्याचा दिवा लावून मँगनीजचं कितीही घट्ट द्रावण फवारलं तरी ३२४.८ ची तांब्याची रेषा मँगनीज खात नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलामुलींना मी हे आधी करून दाखवते, कारण एकदा पाहिल्यावर त्यांना पुढचं फार समजावावं लागत नाही.

मघाशी ग्राउंड स्टेटची अट घातली होती. २३०० अंशांच्या ज्योतीत ती टिकते का, अशी शंका कोणालाही येईल. २७९.५ नॅनोमीटर म्हणजे ४.४४ ईव्ही. त्या तापमानाला वरच्या पातळीवर असलेले मँगनीजचे अणू मोजले तर अब्जात दोन-तीन भरतात. म्हणजे इतक्या तापलेल्या ज्योतीतही जवळपास सगळे अणू वरच्या पातळीपासून दूर, खालीच असतात.

हेच मँगनीज पोटॅशियम परमँगनेट करून जांभळ्या रंगावरूनही मोजता येतं. तिथे मात्र प्रकाश कमालीचा ढिसाळ चालतो. ५२५ नॅनोमीटरच्या आसपास रुंद पट्टाच्या पट्टा शोषला जातो, पाच-दहा नॅनोमीटर इकडे-तिकडे झाले तरी काही बिघडत नाही. कारण आता मँगनीज एकटा नाही. त्याच्याभोवती चार ऑक्सिजन आहेत, त्यांचे बंध कंप पावतात, बाहेर पाण्याचे रेणू सतत धक्के देताहेत. उरलेली थोडी ऊर्जा कंपनात गेली, पाण्यात उष्णता म्हणून गेली, हिशोब जुळला. कापडाचा, फुलाचा, हळदीचा रंग पट्ट्यांत असतो आणि विरळ वायूचा वर्णपट रेषांत असतो, याचं कारण हेच.

आता त्या बाजूला ठेवलेल्या शक्यतेकडे. ११ ईव्हीचा फोटॉन हायड्रोजनजवळून जातो तेव्हा अणूला त्याची जाणीवच होत नाही, असं समजू नकोस. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉनचा ढग हलतो, फक्त पातळी बदलत नाही. अशाच हलण्यामुळे हवेला आणि काचेला अपवर्तनांक असतो, आणि आकाश निळं दिसतं. या हलण्यातून बहुतेक वेळा त्याच ऊर्जेचा फोटॉन बाहेर पडतो. पण क्वचित कमी ऊर्जेचा पडतो, आणि फरक अणूत किंवा रेणूत राहतो. हा रमण परिणाम. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सी. व्ही. रमण यांनी तो द्रवांमध्ये पाहिला, तिथे फरक रेणूंच्या कंपनात जातो आणि असं घडणारे फोटॉन साधारण कोटीत एखादा असतात. (रमण वित्त खात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात जाशील तेव्हा हे लक्षात असू दे.)

आणि तू सुचवलेली गोष्ट, म्हणजे हायड्रोजनने १०.२ ठेवून बाकीचं परत करणं, आकाशात अक्षरशः घडते. काही जोडताऱ्यांमध्ये एक अतितप्त तारा आणि एक लाल राक्षसी तारा एकमेकांजवळ असतात. तप्त ताऱ्याजवळ पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन १०३.२ नॅनोमीटरचा, म्हणजे १२.०१ ईव्हीचा प्रकाश सोडतो. तो लाल ताऱ्याभोवतीच्या हायड्रोजनवर पडतो. हायड्रोजन १०.२ ठेवतो आणि उरलेल्या साधारण १.८ ईव्हीचा, ६८२.५ नॅनोमीटरचा तांबडा फोटॉन बाहेर पडतो. ही रेषा बरीच वर्षं कोणाला ओळखता येत नव्हती. १९८९ मध्ये हान्स मार्टिन श्मिड यांनी तिचा हा उलगडा केला. तिथे हायड्रोजनचा साठा अफाट आहे, म्हणून इतकी दुर्मीळ घटनाही दुर्बिणीत दिसण्याएवढी होते. आणि इथेही नियम मोडलेला नाही, उरलेलं घेऊन जायला दुसरा फोटॉन आहे. यात आधी शोषण आणि मग उत्सर्जन अशा दोन पायऱ्या नसतात. अणू मध्ये कुठेही १२.०१ ईव्हीच्या पातळीवर थांबलेला नसतो. सगळी एकच घटना असते, म्हणून तिला विकिरण (स्कॅटरिंग) म्हणतात.

परीक्षेपुरतं सांगायचं तर ग्राउंड स्टेटमधला हायड्रोजन आणि ११ ईव्हीचा फोटॉन, उत्तर "शोषला जाणार नाही" हेच लिही. रमणचा विचार तिथे आणू नकोस. पण प्रश्नात अणू कोणत्या पातळीवर आहे ते नीट वाच. तो दुसऱ्या पातळीवर असेल तर सुटायला ३.४ पुरतात, मग हाच ११ ईव्हीचा फोटॉन खुशाल शोषला जातो आणि इलेक्ट्रॉन ७.६ घेऊन बाहेर पडतो.

पाठ्यपुस्तकात एक प्रश्न आहे: १२.५ ईव्हीचा इलेक्ट्रॉनांचा झोत साध्या तापमानाच्या हायड्रोजनवर सोडला तर कोणत्या तरंगलांबी मिळतील? तो आज सोडव. इलेक्ट्रॉन १२.०९ देऊ शकतो, म्हणून अणू तिसऱ्या पातळीपर्यंत जातो आणि उतरताना १०२.६, १२१.६ आणि ६५६.३ नॅनोमीटर अशा तीन रेषा देतो. मग त्याच प्रश्नात इलेक्ट्रॉनच्या जागी १२.५ ईव्हीचा फोटॉन घाल आणि पुन्हा सोडव. तिन्ही रेषा का गेल्या, हे उत्तराखाली एका वाक्यात लिहून इथे टाक, मी वाचते.